नापासांचा रियाल

सोहारला, फलजच्या चौकाजवळ, टायरच्या दुकानावर
आमची संस्था: दोन वर्ग, एक पत्र्याची शेड,
आणि मागे उंचीवर काम शिकवायचा लोखंडी मनोरा,
जो चढून कुणीच कुठे पोचत नाही.

मी इथे प्रमाणपत्रं छापतो.
नाव, पासपोर्ट नंबर, फोटो, मग लॅमिनेशन.
तापल्या प्लास्टिकचा वास
आता चहाच्या वासाइतका सवयीचा.

मागच्या रमजानात खलफान साहेबांनी ठरवलं,
दर परीक्षेमागे एक रियाल मुलांसाठी.
पास होवो, नापास होवो.
वहीत नवा रकाना आला.
हिरव्या शाईने मीच आखला तो.

गहिनीनाथ, तालुका आष्टी,
फोर्कलिफ्टच्या परीक्षेत तीनदा नापास.
पुढे जायचा पाण्यासारखा.
मागे येताना तोच डावीकडचा शंकू आडवा.
सिक्वेरा सर ओरडायचे, आरशात बघ!
तो म्हणायचा, बघितलं की मीच दिसतो, सर.

दर वेळची फी कंपनी त्याच्या पगारातून कापायची,
आणि मी हिरव्या रकान्यात एक लिहायचो.
पहिल्या फटक्यात पास होणाऱ्याचा एकच रियाल.
याचे तीन.
तिसऱ्यांदा सही करताना त्याने पेन थांबवलं.
"ह्यो एक कुनाला?"
मुलांना, मी म्हणालो.
"कुनाच्या?"
मी स्टॅम्प शोधायला लागलो.

चेक पुठ्ठ्याचा, दाराएवढा,
चारशे अठरा रियाल, अक्षरी आणि अंकी.
पिकअपमध्ये आडवा मावेना, उभा उडेल,
म्हणून धरायला गहिनीनाथला मागे बसवला.
सगळा रस्ता तो त्या आकड्याला मिठी मारून.

केंद्रात मुलं रांगेत उभी होती,
काही उभी, काही बसलेली, काही टेकलेली.
फोटोला वेळ लागला. चेकच्या वर नुसते केस,
चेकच्या खाली चाकं आणि बूट.
साहेबांचं भाषण छोटं होतं,
खरं सांगायचं तर त्यांना घाम आला होता.
बाई म्हणाल्या, पैशातून रॅम्पला रबर बसवलंय,
आणि बसचं दोन महिन्यांचं डिझेल.
मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.
मग रॅम्प पाहिला. नवं रबर, काळं,
त्यावर आधीच चाकांच्या धुळीच्या रेघा.

त्या रॅम्पवरून अज़्ज़ान नावाचं पोरगं,
नऊ वर्षांचं, खुर्चीसकट उलटं खाली आलं.
खांद्यावरून मान वळवून, जीभ दातांत धरून,
अरुंद दारातून मागच्या मागे आत.
चौकटीला बोटभरही लागलं नाही.
आत जाऊन परत बाहेर आलं, कुणी बघितलं का ते बघायला.

गहिनीनाथने बघितलं होतं.
त्याने टाळी वाजवली नाही.
नुसती मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे,
जशी आखडलेली मान मोकळी करतात.

रविवारी चौथी परीक्षा.
मी हिरवा एक आधीच लिहून ठेवला होता.
तो मागे आला, आरसा सोडून, खांद्यावरून बघत.
शंकू हलला.
हलला, डुलला, उभा राहिला.
हललेल्या शंकूचं काय करायचं, ते नियमावलीत नाही.
सिक्वेरा सर बराच वेळ चष्मा पुसत होते.

तो चेक आता माझ्या खुर्चीमागे उभा आहे,
पुढच्या वर्षी फक्त आकडा बदलायचा.
फोटो छापून आला तेव्हा गहिनीनाथ त्यात नव्हता.
काठाला एक अंगठा होता, ग्रीस लागलेला, नखापर्यंत.
म्हणाला, ह्यो मोठा करून माझ्या पोरीला पाठवा.
काय लिहू खाली?
थोडा थांबला.
"लिवा, ह्यो माझा."